सोर्स बदल, सोर्स!

रविवारी संध्याकाळी नायगाव ते विरार कुठल्याही सोसायटीचे जिने चढत जा आणि उघड्या दारांतून सहज नजर टाका. एका तरी घरात एक माणूस भिंतीला गाल लावून उभा दिसेल. त्याचा एक डोळा मिटलेला असतो, दातांत मोबाइल धरलेला असतो आणि मोबाइलचा टॉर्च टीव्हीच्या पाठीमागे पडलेला असतो. घरातली बाकीची मंडळी सोफ्यावर बसून त्याला वाट दाखवत असतात. "डावीकडे बघ. अरे तुझ्या डावीकडे नाही, टीव्हीच्या!" हा माणूस लॅपटॉप टीव्हीला जोडत असतो.

आमच्याकडचे हॉल म्हणजे बिल्डरने 'लिव्हिंग' असं नाव दिलेली खोली. त्यात सोफा, दिवाण, चपलांचं कपाट, फिशटँक आणि आलेगेले पाहुणे एवढं सगळं मावायचं असल्यामुळे टीव्हीची रवानगी भिंतीवर झाली. तो बसवायला आलेला कारागीर आपल्या कामाचा फार अभिमानी असतो. तो टीव्ही असा चपखल बसवून जातो की मागे पालीलासुद्धा कूस बदलता येऊ नये. जाताना पाठ थोपटून घेतो आणि चहा पिऊन जातो. दोन महिन्यांनी कळतं की तार खुपसायची सगळी भोकं मागच्याच बाजूला आहेत. मग चाचपडून, स्पर्शज्ञानाने, देवाचं नाव घेऊन पिन घालावी लागते. घरातलं जाणतं माणूस तेवढ्यात ओरडतं, "ओढू नको रे, टीव्ही येईल खाली!"

त्याआधी तार आणावी लागते. हिचं खरं नाव एचडीएमआय, पण विरार स्टेशनबाहेरच्या दुकानात तिला 'एचडी वायर' म्हणतात आणि त्या नावाने ती बिनचूक मिळते. दुकानदाराचा प्रश्न एकच असतो. "किती मीटर? दीड, तीन, पाच?" ह्या प्रश्नाची तयारी करून कोणीही घरून निघालेलं नसतं. मग गिऱ्हाईक दुकानातच डोळे मिटून आपला हॉल आठवतं आणि दोन्ही हात फाकवून हवेत माप घेतं. माप सरळ रेषेत घेतलेलं असतं. तार मात्र टीव्हीमागून निघते, भिंतीवरून खाली उतरते, शोकेसला वळसा घालते आणि सोफ्याच्या अलीकडे चार फुटांवर संपते. म्हणजे लॅपटॉप टीव्हीच्या पायाशीच ठेवावा लागतो. तो सांभाळणारा भाचा किंवा जावई जमिनीवर मांडी घालून बसतो, आणि बहुतेक वेळा पडद्याकडे पाठ करून. ज्याला ह्यातलं कळतं त्याने आजवर एकही पिक्चर धड पाहिलेला नाही.

काही चोखंदळ लोक तारेसाठी थेट लॅमिंग्टन रोड गाठतात. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन किती वर्षं लोटली, पण तार घ्यायला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. ग्रँट रोडला फास्ट लोकल थांबत नाही, म्हणून दादरला किंवा मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडायची, भर उन्हात पाच दुकानं पालथी घालायची आणि शंभर रुपये वाचवून संध्याकाळच्या गर्दीत विरार गाठायचं. सोनेरी पिनांची तार घेतली की चित्र उजळ दिसतं, असं तिथून येणारा प्रत्येक जण सांगतो. खरं तर डिजिटल तारेत चित्र येतं किंवा येत नाही. तार फार लांब किंवा निकृष्ट असेल तर पडद्यावर ठिणग्या उडतात, चित्र मधेच जातं. पण सोन्यामुळे हिरोइन गोरी होत नाही. हे मी एका शेजाऱ्यांना सांगितलं, तेव्हापासून ते लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत.

तार लागली की रिमोट. रोज हाताळला जातो तो सेट टॉप बॉक्सचा, आणि त्यावर 'सोर्स'ची कळ कामाची नसते. टीव्हीचा मूळ रिमोट घेतला तेव्हाच प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर रबर बँड लावून कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये नीट ठेवलेला असतो. इतका नीट, की तो शोधायला मामीला फोन करावा लागतो. सापडतो तेव्हा त्यातले सेल गेलेले असतात. मग भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढतात. त्या घरात पुढचे आठ दिवस सात वाजून वीस मिनिटं झालेली असतात.

आणि मग तो गजर सुरू होतो. "सोर्स बदल, सोर्स!" कळ दाबली की पडद्यावर यादी उतरते. टीव्ही, एव्ही, एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन. एकमध्ये सेट टॉप बॉक्स असतो. दोनवर यावं तर 'नो सिग्नल' अशी पाटी पडद्यावर इकडून तिकडे फिरत असते. ह्यात गोम अशी की तारेच्या दोन्ही टोकांना एकमेकांची ओळख पटवून घ्यायला काही क्षण लागतात. तू किती रेषांचा पडदा, तुला आवाज कुठला चालतो, चोरून चित्रण करणारं यंत्र तर नाहीस ना, अशी सगळी चौकशी होते. योग्य जागी येऊन माणूस तीन-चार सेकंद गप्प बसला तर चित्र हमखास येतं. पण तीन-चार सेकंद गप्प बसू देईल असं घर वसई तालुक्यात अजून बांधायचं आहे. दोनवर आल्या आल्या "नाही आलं, पुढे जा!" असा चहूबाजूंनी पुकारा होतो, तो पुढे जातो, आणि इकडे चित्र रिकाम्या स्टेशनात येऊन पोहोचतं.

पूर्वी हे काम एकट्या माणसाचं होतं. ऐंशीच्या दशकात हळदीच्या रात्री किंवा सत्यनारायणाला वाडीत 'व्हिडिओ' आणायचे. भाड्याचा रंगीत टीव्ही, भाड्याचा व्हीसीआर, पहाटेपर्यंत पुरतील एवढ्या कॅसेट, आणि ह्या सगळ्याबरोबर टेम्पोतून उतरणारा एक पोरगा. अँटेनाच्या भोकात एकच तार. तिच्यातूनच चित्र यायचं आणि तिच्यातूनच आवाज. मुंग्या आल्या तर तो पोरगा टीव्हीची बारीक कळ फिरवायचा. त्याला सल्ला द्यायची कोणाची हिंमत नव्हती, कारण तो रागावून निघून गेला तर दुसरा पिक्चर राहिला असता. तो अंगणात खाटेवर आडवा व्हायचा आणि कॅसेट संपल्याचं त्याला झोपेत कळायचं.

पुढे तारा तीन झाल्या. पिवळी चित्राची, लाल उजव्या कानाची, पांढरी डाव्या कानाची. पिवळी चुकून लालमध्ये गेली की टीव्ही गुरगुरायचा, आणि तेवढ्यावरून चूक कळायची. ह्याहून सोपी शिकवणी मी दुसऱ्या कुठल्या यंत्राकडून घेतलेली नाही. मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली व्हीजीएची जाड तार आली. दूरदर्शनवर रामायण सुरू झालं त्याच १९८७ साली आयबीएमने ती आणली. तिला पिना १५, पण त्यांतली एकही आवाजाची नाही. आवाजासाठी हेडफोनच्या भोकातून दुसरी बारीक तार न्यावी लागायची. सोसायटीच्या कार्यक्रमात, शाळेच्या स्नेहसंमेलनात अजून एखादा जुना प्रोजेक्टर ह्या तारेवर चालतो, आणि मुलांचा नाच अर्धा झाला तरी गाणं लॅपटॉपच्या पोटातच कुणकुणत असतं. डिसेंबर २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय जाहीर केली. १९ पिना, आणि पुन्हा एकाच तारेत चित्र आणि आवाज दोन्ही. तीनाच्या दोन झाल्या, दोनाची एक. तारा अशा कमी होत गेल्या आणि टीव्हीसमोर उभं राहून सल्ला देणारी माणसं वाढत गेली. भाड्याचा व्हिडिओ एक पोरगा लावायचा. आता एका तारेला अख्खा मजला लागतो.

कारण चित्राला नुसती तार पुरते, आवाजाला हुकूम लागतो. टीव्ही जोडल्याबरोबर लॅपटॉपला नवा पडदा दिसतो, पण आवाज कुठे सोडायचा ते तो आपल्या मनाने ठरवतो, आणि पुष्कळदा जुन्याच जागी सोडत बसतो. म्हणजे पडद्यावर ४३ इंची रणधुमाळी आणि तिचा आवाज टीव्हीखालच्या कोपऱ्यातून, डबीत डास अडकल्यासारखा. उपाय साधा आहे. लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र असतं, त्यावर टिचकी मारायची, यादी उघडली की टीव्ही निवडायचा. पण यादीत 'टीव्ही' असं कुठे लिहिलेलं नसतं. तिथे इंग्रजी अक्षरं आणि आकडे ह्यांची खिचडी असते, गाडीच्या चेसिस नंबरासारखी. तोच आपला टीव्ही आहे हे ओळखायला तो पुन्हा भिंतीवरून उतरवून मागचं लेबल वाचावं की काय, अशी चर्चा मी ऐकलेली आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये हा आवाजाचा घोळ वसईतल्या ख्रिस्ती वाड्यांत फार सोवळ्यात पार पडला. चर्च बंद, आणि १२ एप्रिलला ईस्टर. मिस्सा लाइव्ह होणार होती. एका घरी नातवांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला, टीव्हीखाली पांढरं कापड घातलं, मेणबत्ती लावली. अल्तार आला, फादर आले, आवाज आला नाही. नातू खाली बसून कळा बडवत होते आणि आजी काठीवर हात ठेवून शांत बसली होती. तिला मिस्सा तोंडपाठ. फादरांचे ओठ थांबले की ती मोठ्याने उत्तर द्यायची. नातवांना आवाज सापडला तेव्हा मिस्सा निम्मी झाली होती, आणि आजीचं नि फादरांचं एका अक्षराचंही अंतर पडलेलं नव्हतं.

आता कोणी विचारेल, टीव्ही स्मार्ट असताना लॅपटॉप हवाच कशाला? ज्याने विचारलं त्याने आपला टीव्ही नुकताच घेतला असणार. स्मार्ट टीव्ही घेताना स्मार्ट असतो. पाच-सहा वर्षांनी त्यातली ॲपं एकेक करून अपडेट मागायची थांबतात आणि मग चालायचीही थांबतात. पेनड्राइव्ह लावावा तर पुतण्याच्या लग्नाची फिल्म मुकी निघते. फिल्ममधला आवाज ज्या पद्धतीने भरलेला असतो, ती वाचायचा परवाना काही टीव्ही कंपन्या घेतच नाहीत. लॅपटॉपवर तेच सगळं वाजतं. म्हणून घोडं पुन्हा तारेपाशी येतं.

शिवाय लॅपटॉप घरचा नसतो, ऑफिसचा असतो. आठवडाभर तो विरार लोकलमध्ये सॅकमधून, आणि सॅक पोटावर घेऊन, जातो-येतो. रविवारी तो टीव्हीला जोडला तरी आपलं मूळ इमान सोडत नाही. सासरची मंडळी बसलेली असतात, पडद्यावर नायिकेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं असतं, आणि खालच्या कोपऱ्यातून साहेबाचा निरोप टुणकन वर येतो, टाइमशीट अजून भरलेली नाही. जावयाच्या नोकरीविषयी सासऱ्यांना जेवढी माहिती ह्या निरोपांतून मिळाली आहे, तेवढी लग्न ठरवतानाही मिळाली नव्हती.

पण ह्या विद्येचा खरा कस घरात लागत नाही, सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लागतो. सहकार कायद्याप्रमाणे ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घेतात. गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होते, ह्या अर्ध्या तासात टीव्ही जोडायचा असं ठरलेलं असतं. आमच्या खजिनदारांनी यंदा कागद वाचवायचं ठरवलं आणि ताळेबंद पडद्यावर दाखवायची घोषणा केली. तार लागली, सोर्स बदलला, आणि पडद्यावर खजिनदार आणि त्यांच्या मिसेस उटीच्या बागेत उभे.

"हिशेब दाखवा," ए विंगचे काका म्हणाले.

"तोच दाखवतोय," खजिनदार म्हणाले. त्यांच्या लॅपटॉपवर ताळेबंद छान दिसत होता. पडदा 'डुप्लिकेट'ऐवजी 'एक्स्टेंड'वर होता. म्हणजे टीव्ही हा लॅपटॉपच्या पडद्याचा शेजारचा रिकामा प्लॉट झाला होता आणि त्यावर फक्त वॉलपेपर लागला होता. खजिनदार दुरुस्ती निधी वाचू लागले आणि सभासद उटीकडे बघत राहिले.

"सहल कुठल्या खात्यातून झाली, ते आधी सांगा," मागून एक आवाज.

शेवटी ३०२ मधल्या कॉलेजच्या मुलीने पुढे येऊन विंडोजची कळ आणि 'पी' एकदम दाबलं, 'डुप्लिकेट' निवडलं, आणि ताळेबंद आला. पण आता त्याच्या चारी कडा टीव्हीबाहेर गेल्या होत्या. जुन्या नळीच्या टीव्हीत कडेचं चित्र वेडंवाकडं यायचं, ते झाकायला चित्र थोडं फुगवून दाखवत. नळ्या गेल्या तरी कित्येक टीव्हींची ही फुगवायची खोड गेलेली नाही. मेनूत जाऊन 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' करावं लागतं. हे मला तिथल्या तिथे सांगायचं होतं, पण तोवर काकांचं बोट पडद्यावर गेलं होतं. कापला गेला होता तो नेमका शेवटचा रकाना, एकूण रकमेचा.

"एकूण का लपवलंत?"

"काका, टीव्हीने लपवलंय."

"टीव्ही कमिटीत आहे का?"

ह्या प्रश्नाची इतिवृत्तात नोंद झाली. ठरावही झाला, की पुढील वर्षीपासून हिशेबाच्या छापील प्रती द्याव्यात. सूचक काका, अनुमोदक उटीवाल्या मिसेस.

१९ नोव्हेंबर २०२३ ला क्रिकेट विश्वचषकाची फायनल होती, दिवाळी नुकतीच झालेली, कंदील अजून लोंबत होते. सामना सगळ्यांनी मिळून खाली पार्किंगमध्ये बघायचा ठरला. पार्किंगमध्ये डिशची तार नाही, म्हणून लॅपटॉप. हॉटस्टारवर सामना मोबाइलला फुकट होता, मोठ्या पडद्याला वर्गणी. वर्गणी एकाची, हॉटस्पॉट दुसऱ्याचा, टीव्ही तिसऱ्याचा, आणि वीज मीटर रूममधली, म्हणजे सर्वांची. ज्याचा हॉटस्पॉट होता त्याला जागेवरून हलायला बंदी होती. त्याला जेवणही खुर्चीवर दिलं. त्या दिवशी हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी माणसं सामना बघत होती, असा आकडा नंतर जाहीर झाला. त्यात आम्ही सत्तर-ऐंशी जण मिळून एकच मोजलो गेलो असणार.

इंटरनेटवरचा सामना डिशवरच्या सामन्याच्या मागे चालतो. बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर डिश होती. तिथून आरोळी आली की आमच्याकडे गोलंदाज अजून पँटीला चेंडू घासत असायचा. म्हणजे चौकार येणार हे आम्हाला आधी कळायचं, आणि तो आला की आम्ही कर्तव्य म्हणून ओरडायचो. काही जणांनी ह्यावर पैजाही लावल्या. पण ही सोय ओरड्यापुरतीच होती. कोहली ५४ वर खेळत असताना बी विंगमध्ये एकदम सामसूम झाली. सामसुमीचा अर्थ कोण लावणार? आम्ही वडापाव वाटत राहिलो. मग आमच्या पडद्यावर ऑस्ट्रेलियाच्या कमिन्सचा चेंडू बॅटची कड घेऊन यष्ट्यांवर गेला, आणि अहमदाबादच्या मैदानातली नव्वद हजारांवर माणसं अशी गप्प झाली की टीव्हीतून हूं का चूं येईना. भरलेलं मैदान गप्प करण्यासारखं समाधान नाही, असं कमिन्स आदल्या दिवशी म्हणाला होता. ते आमच्या पार्किंगमध्ये कोणी वाचलेलं नव्हतं.

"आवाज गेला!" कोणीतरी ओरडलं.

"तार हलली असेल!"

"सोर्स बदल, सोर्स!"

जमिनीवर पाठ करून बसलेल्या मुलाने पडद्याकडे न बघताच कर्ण्यावर टिचकी मारली, रिमोटवाल्याने सोर्स बदलला, एकाने तार काढून फुंकर मारून पुन्हा घातली. चित्र आलं तेव्हा जडेजा खेळायला उभा होता. आवाजही आला, तो तारेमुळेच आला असं तार फुंकणारे गृहस्थ आजही सांगतात.

आता मात्र तारेचाही काळ सरत आलाय. कित्येक नव्या लॅपटॉपना एचडीएमआयचं भोकच नसतं, टाइप सी असतं. टाइप सीच्या एकसारख्या दिसणाऱ्या भोकांतून चित्र निघेलच असं नाही, काही नुसती चार्जिंगची असतात. त्याला लागणारा जोड ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहतो. म्हणून तरुण मंडळी बिनतारी जोडतात. विंडोज आणि 'के' दाबलं की आसपासच्या टीव्हींची यादी येते. 'आसपास' म्हणजे यंत्राच्या लेखी भिंत नसते. विरारच्या ग्लोबल सिटीतल्या एखाद्या टॉवरमध्ये ही यादी मतदारयादीसारखी लांबते, आणि त्यातले निम्मे टीव्ही एकाच कंपनीचे, नावं सारखी. त्यातून आपला कुठला ते अंदाजाने ठरवायचं.

गेल्या महिन्यात शेजारी पाहुणे जमले होते. पापलेट तळून झाले होते, दिवे मालवले होते, आणि भाच्याने यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. लॅपटॉप म्हणाला, जोडलं. पडदा काळाच. सोर्स बदलून झाला, टीव्ही बंद-चालू करून झाला, इंटरनेटचा डबा उपटून झाला, आणि ज्याला त्याला आपापल्या घरी हे कसं एका झटक्यात होतं त्याची आठवण येऊ लागली. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्यांच्या टीव्हीवर कसलीशी परवानगी मागितली गेली होती, आणि सोसायटीच्या ॲपवर वॉचमनला रोज देतात तशी त्यांनी 'ओके' दाबून ती दिली होती.

"तुमचा पिक्चर आमच्याकडे सुरू झालाय," काकू म्हणाल्या. "आवाजासकट. पापलेट घेऊन वरच या, आमच्याकडे फक्त वरणभात आहे."